लेखक, गायक, पत्रकार यांचे छोटे परिचय लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, दिवाळी अंक, शाळेचे भित्तिपत्रक किंवा कोश यांसाठी मराठी साहित्य, संगीत आणि पत्रकारितेतल्या व्यक्तींचे परिचय लिहिणाऱ्यांना पडणारे हे प्रश्न आहेत. उदाहरणांतली नावे मुद्दाम ओळखीची घेतली आहेत, कारण सर्वाधिक चुका ओळखीच्या नावांतच होतात.

परिचय किती शब्दांचा असावा?

तो कुठे छापायचा किंवा वाचायचा आहे, त्यावर ठरते. कार्यक्रमपत्रिकेत ५० ते ६० शब्द पुरतात, स्मरणिकेत १५० आणि कोशात ३०० ते ४००. मंचावरून वाचायचा असेल तर साधारण शंभर-सव्वाशे शब्दांना एक मिनिट धरा. त्यापलीकडे गेलात की सूत्रसंचालक ऐनवेळी काटछाट करतो आणि नेमके महत्त्वाचे वाक्य गळते. म्हणून आधी ६० शब्दांचा मजकूर पक्का करावा आणि त्यावरून मोठा परिचय वाढवत न्यावा. मोठ्यातून छोटा करायला गेले की जन्मगाव राहते आणि पुस्तकांची नावे उडतात.

पहिल्या वाक्यात काय हवे?

नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, नेमके काम आणि एक कृती. ‘मराठी साहित्याच्या आकाशातील तेजस्वी तारा’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. ‘विष्णु वामन शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज (१९१२–१९९९) हे कवी आणि नाटककार; ‘विशाखा’ हा कवितासंग्रह आणि ‘नटसम्राट’ हे नाटक त्यांचे’ एवढ्यात माणूस उभा राहतो. जन्मगाव, शिक्षण, आईवडील यांना दुसऱ्या वाक्यानंतर जागा द्या, आणि तीही पुढच्या कामाशी संबंध असेल तरच.

टोपणनाव आधी लिहावे की खरे नाव?

वाचक ज्या नावाने शोधणार ते आधी. ग्रेस हे नाव सर्वांना ठाऊक आहे, माणिक गोडघाटे शोधणारे थोडे. तेव्हा ‘ग्रेस (माणिक गोडघाटे)’ असे लिहावे. केशवसुत (कृष्णाजी केशव दामले), बालकवी (त्र्यंबक बापूजी ठोंबरे), माधव ज्युलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन), ‘बी’ (नारायण मुरलीधर गुप्ते) यांनाही हेच लागू.

काही लेखकांची नावे लेखनप्रकारानुसार बदलतात, आणि इथे घोटाळे होतात. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःचे नाव घालत, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहीत. ‘गोविंदाग्रजांचे एकच प्याला’ हे वाक्य म्हणून खटकते. प्र. के. अत्रे विडंबनकवितांपुरते ‘केशवकुमार’ होते. चिं. त्र्यं. खानोलकर कादंबऱ्या-नाटकांत खानोलकर आणि कवितेत आरती प्रभू. नाव दिले की ते कोणत्या लेखनासाठी, हेही द्या.

संगीतातही हेच आहे. लता मंगेशकर यांनी ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटाला संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने. संगीतकार सी. रामचंद्र गायक म्हणून ‘चितळकर’ होते. ध्वनिमुद्रिकांची यादी करताना ही दोन माणसे समजून दोन नोंदी केल्या जातात.

मालतीबाई बेडेकरांची नोंद सर्वांत जपून करावी लागते. माहेरच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर, आणि ‘कळ्यांचे निःश्वास’ची लेखिका म्हणून विभावरी शिरूरकर. तिन्ही नावे एकाच नोंदीत हवीत. अकारविल्हे यादी असेल तर बाकीच्या दोन नावांपुढे ‘पाहा’ असा निर्देश द्यावा.

एकाच व्यक्तीची दोन वेगळी पूर्ण नावे सापडली तर?

बहुतेक वेळा कारण दत्तकविधान असते. वि. स. खांडेकरांचे जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. कुसुमाग्रजांचे जन्मनाव गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णु वामन. दोन्ही नावे खरी असतात. चूक होते ती जन्मनावाला दत्तक वडिलांचे नाव जोडल्यावर, म्हणजे ‘गणेश सखाराम’ असे कधीच नसलेले नाव तयार केल्यावर. दत्तकविधानाचा उल्लेख एका वाक्यात करावा, नाहीतर भावंडांची वडिलांची नावे वेगळी का, हे वाचकाला कळत नाही.

सारख्या नावांचा गोंधळ कसा टाळायचा?

आद्याक्षरे पूर्ण लिहून. मराठी नावात वडिलांचे नाव मध्ये असल्यामुळे पिढीही समजते: विष्णु दिगंबर पलुस्कर हे गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक, तर दत्तात्रेय विष्णु पलुस्कर हे त्यांचे गायक चिरंजीव. नुसते ‘पलुस्कर’ लिहिले की १९०१ साली लाहोरला विद्यालय काढण्याचे श्रेय १९२१ साली जन्मलेल्या मुलाच्या नावावर जाते.

नेहमी गल्लत होणाऱ्या काही जोड्या:

- संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकारामांच्या शिष्या. बहिणाबाई चौधरी खानदेशातल्या. त्यांचे निधन १९५१ मध्ये झाले आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यानंतर, १९५२ मध्ये.
- मराठी चित्रपटसंगीतात वसंत देसाई, वसंत पवार आणि वसंत प्रभू हे तीन वेगळे संगीतकार. आडनावाशिवाय ‘वसंत’ छापू नये.
- व्ही. शांताराम हे चित्रपट दिग्दर्शक. ‘शांताराम’ या नावाने कथा लिहिणारे के. ज. पुरोहित.
- लक्ष्मीबाई टिळक या ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पत्नी. लोकमान्यांशी त्यांची सांगड घातली जाते, ती चूक.

वेगवेगळ्या ठिकाणी जन्मतारीख वेगळी दिसते. कोणती घ्यायची?

आधी फरक का पडला ते पाहा. नेहमीची कारणे चार आहेत.

एक, शाळेतली तारीख. जुन्या पिढीत अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवली, म्हणून १ जून ही तारीख इतक्या वेळा दिसते. १ जून दिसली आणि दुसरा पुरावा नसेल तर नुसते वर्ष छापावे.

दोन, मध्यरात्रीनंतरचा जन्म. पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाची नोंद घरच्या वहीत आदल्या दिवशी असू शकते आणि पालिकेच्या दाखल्यात दुसऱ्या दिवशी. एका दिवसाचा फरक दिसला की हे कारण आधी तपासावे.

तीन, तिथीवरून तारीख काढताना वर्षात झालेली चूक. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

चार, दुसऱ्याच घटनेची तारीख चिकटणे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन. पुढे तीच तारीख जांभेकरांची जन्मतारीख म्हणूनही फिरू लागली. काही ठिकाणी २० फेब्रुवारी छापलेली असते. अशा वेळी परिचयात १८१२ हे वर्ष देऊन थांबावे आणि ६ जानेवारीला ‘दर्पण’ जोडावे.

शके वर्षाचे इसवी सन कसे करायचे?

चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे. १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. शके १८१० च्या माघातला जन्म म्हणजे १८८९, १८८८ नव्हे. पौष महिना बहुधा दोन इसवी सनांत विभागलेला असतो, त्यामुळे पौषातल्या तिथीसाठी त्या वर्षाचे पंचांग पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आडाखा चुकला की एक वर्षाचा फरक पडतो आणि शताब्दी चुकीच्या वर्षी साजरी होते.

मृत्यूसमयीचे वय आणि शताब्दी कशी मोजावी?

नुसती वर्षांची वजाबाकी करू नका. बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, मृत्यू ५ मे १९१८ रोजी भादली रेल्वे स्थानकाजवळच्या अपघातात. वजाबाकी २८ येते, पण त्या वर्षीचा वाढदिवस यायचा होता, वय २७.

जन्मशताब्दी वर्ष ९९ पूर्ण झाल्यावर सुरू होते आणि १०० पूर्ण झाले की संपते. सुधीर फडके (२५ जुलै १९१९), ग. दि. माडगूळकर (१ ऑक्टोबर १९१९) आणि पु. ल. देशपांडे (८ नोव्हेंबर १९१९) यांचे शताब्दी वर्ष म्हणूनच २०१८-१९ असे लिहिले जाते.

पुरस्कारांच्या नोंदींत नेमके काय चुकते?

तीन गोष्टी: वर्ष, कशासाठी आणि कोणाकडून.

वर्षाचे आधी. पुरस्काराचे वर्ष, घोषणेचे वर्ष आणि समारंभाचे वर्ष वेगळे असू शकते. विंदा करंदीकरांना ज्ञानपीठ २००३ सालचे, पण ते प्रत्यक्ष प्रदान झाले २००६ मध्ये. भीमसेन जोशी यांची भारतरत्नची घोषणा २००८ ची. एका परिचयात एकच पद्धत ठेवा, आणि पुरस्काराचे अधिकृत वर्ष हीच त्यातली बरी.

‘कशासाठी’ यात सर्वांत जास्त घसरगुंडी होते. साहित्य अकादमीचा वार्षिक पुरस्कार एका पुस्तकाला असतो, त्यामुळे पुस्तकाचे नाव हवेच: कुसुमाग्रजांना १९७४ मध्ये ‘नटसम्राट’साठी, पु. लं.ना १९६५ मध्ये ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी, भालचंद्र नेमाडे यांना १९९१ मध्ये ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी. शेवटच्या उदाहरणात ‘कोसला’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. ज्ञानपीठाचे मात्र तसे नाही. सुरुवातीच्या वर्षांत तो विशिष्ट कृतीसाठी असे, म्हणून खांडेकरांचा १९७४ चा पुरस्कार ‘ययाति’साठी, १९८२ पासून तो लेखकाच्या एकूण योगदानाला दिला जातो. तेव्हा कुसुमाग्रजांचे (१९८७) ज्ञानपीठ ‘विशाखा’साठी, करंदीकरांचे ‘अष्टदर्शने’साठी किंवा नेमाड्यांचे (२०१४) ‘हिंदू’साठी असे छापणे चूक आहे, मग ते कितीही ठिकाणी छापलेले दिसो.

‘कोणाकडून’ याचे उदाहरण नामदेव ढसाळ. त्यांना साहित्य अकादमीने २००४ मध्ये सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव दिला. तो वार्षिक पुस्तक-पुरस्कार नव्हे. ‘गोलपिठासाठी अकादमी पुरस्कार’ असे लिहिले की दोन चुका एकदम होतात.

पुरस्कार परत केला असेल तर तेही नोंदवावे. जी. ए. कुलकर्णी यांना ‘काजळमाया’साठी १९७३ चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद उठल्यावर त्यांनी तो परत केला. हे गाळले तर परिचय अर्धवट. ‘पुरस्कार नाकारला’ असे लिहिले तर थोडा चुकीचा.

‘पद्मभूषण अमुक’ असे नावाआधी लिहिले तर चालते का?

नाही. भारतरत्न आणि पद्म सन्मान या पदव्या नाहीत. नावाच्या आधी किंवा नंतर ते लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. निमंत्रणपत्रिका सर्रास हे मोडतात, तो भाग वेगळा. परिचयात सन्मान वर्षासह वाक्यात यावा: ‘१९९० मध्ये पद्मविभूषण’. पंडित, उस्ताद, विदुषी, बुवा ही रूढ संबोधने एकदा, सुरुवातीला लावली तरी पुरे. दर वाक्याला ‘पंडितजी’ आले की परिचयाचे मानपत्र होते.

‘संमेलनाध्यक्ष’ एवढेच लिहावे का?

संमेलनाचे नाव, गाव आणि वर्ष तिन्ही लिहा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वेगळे, विद्रोही वेगळे, अस्मितादर्श वेगळे, शिवाय विभागीय आणि नाट्य संमेलने आहेतच. आणि अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, उद्घाटक ही तीन निराळी माणसे असतात. स्वागताध्यक्ष बहुधा यजमान गावातली एखादी प्रतिष्ठित व्यक्ती असते. कुसुमावती देशपांडे (ग्वाल्हेर, १९६१) या या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. दुर्गा भागवत (कराड, १९७५) त्यानंतरच्या. हा क्रम उलटा छापलेला बऱ्याचदा दिसतो, कारण कराडचे संमेलन आणीबाणीतल्या भाषणामुळे लोकांच्या जास्त लक्षात राहिले.

गायकाच्या परिचयात घराणे आणि गुरू कसे लिहावेत?

गुरूचे नाव आधी, घराणे नंतर. घराणे हे गुरूमुळे असते, आडनावामुळे नव्हे. हिराबाई बडोदेकर या अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या, पण त्यांची मुख्य तालीम अब्दुल वहीद खाँ यांच्याकडची. ‘वडिलांकडून वारसा मिळाला’ असे लिहून मोकळे झाले की खरा गुरू पुसला जातो. किशोरी आमोणकरांच्या बाबतीत मात्र आई हीच गुरू: मोगूबाई कुर्डीकर, आणि मोगूबाईंचे गुरू अल्लादिया खाँ. अशी तीन पिढ्यांची साखळी एका वाक्यात बसते आणि ‘जयपूर-अत्रौली घराण्याच्या’ या शब्दांना अर्थ येतो.

शिबिरात चार दिवस मार्गदर्शन घेतले त्याला ‘शिष्य’ म्हणू नये. तालीम किती वर्षे झाली हे माहीत असेल तर आकडा द्यावा. ‘गंधर्व’ हे आडनाव समजण्याची चूकही होते: बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे. यांचे एकमेकांशी नाते नाही, त्यामुळे आडनावाप्रमाणे लावलेल्या यादीत त्यांना ‘ग’ मध्ये एकत्र कोंबू नये.

गाण्याचे किंवा नाटकाचे श्रेय कसे द्यावे?

प्रत्येक कामाला क्रियापद द्या: लिहिले, चाल दिली, गायले, भूमिका केली. ‘गीतरामायण’ ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, सुधीर फडक्यांनी संगीत दिले, आणि १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्याची ५६ गीते प्रसारित झाली. ती सगळी फडक्यांनीच गायली असा समज त्यांच्या नंतरच्या जाहीर कार्यक्रमांमुळे झाला. मूळ प्रसारणात अनेक गायक होते. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) चे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांची. ‘वसंतरावांचे कट्यार’ बोलण्यात चालते, छापताना नाही.

नाटकाला पहिल्या प्रयोगाचे वर्ष द्यावे, पुस्तकाचे नव्हे. ‘नटसम्राट’ रंगमंचावर १९७० मध्ये आले.

पत्रकारांबाबत काय तपासावे?

संस्थापक, संपादक, मालक आणि स्तंभलेखक हे शब्द अदलाबदलीने वापरू नयेत. ठरलेली चूक ‘केसरी’ची. ४ जानेवारी १८८१ ला तो सुरू झाला तेव्हा संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. टिळक इंग्रजी ‘मराठा’ सांभाळत. मतभेद होऊन आगरकर १८८७ मध्ये बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. याच नावाची दुसरी गल्लत: टिळकांचा ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक, तर अत्र्यांचा ‘मराठा’ हे १९५६ मध्ये सुरू झालेले मराठी दैनिक.

‘पहिले’, ‘एकमेव’ हे शब्द वापरावेत का?

कशात पहिले, हे पूर्ण सांगता येत असेल तरच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला आणि तो पहिला भारतीय कथापट मानला जातो. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याआधी, मे १९१२ मध्ये पडद्यावर आला होता. पण तो नाटकाचे चित्रण होता, या मुद्द्यावर त्याला बाजूला ठेवले जाते. फाळक्यांच्या परिचयात ‘पहिला पूर्ण लांबीचा’ अशी मर्यादा घातली की दोघांवरही अन्याय होत नाही.

विशेषणे अजिबात नकोत का?

ज्याच्या जागी तपशील बसतो ते विशेषण काढा. केसरबाई केरकरांना ‘जगद्विख्यात’ म्हणण्यापेक्षा १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत त्यांनी गायलेली भैरवी आहे, हे सांगावे. ‘बहुआयामी’, ‘अष्टपैलू’, ‘सिद्धहस्त’ हे शब्द लिहिणाऱ्याला काही सुचले नाही की येतात.

हयात व्यक्तीचा परिचय लिहिताना?

‘सध्या’ हा शब्द टाळा. ‘२०१९ पासून’ लिहा. स्मरणिका दहा वर्षांनी कोणी उघडली तरी वाक्य खरे राहते. वयाऐवजी जन्मवर्ष द्या. घरचा पत्ता, आजारपण, मुलांची नावे घालू नका. मजकूर त्यांना दाखवावा, पण केवळ तथ्ये तपासायला; नाहीतर विशेषणांचे गाठोडे परत येते.

कवितेच्या ओळी आणि छायाचित्र वापरता येते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क राहतात. गडकरी (निधन १९१९) केव्हाच मुक्त झाले. अत्र्यांचे (१९६९) लेखन २०२९ अखेरपर्यंत आणि माडगूळकरांचे (१९७७) २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहे. परिचयात एखादी ओळ उद्धृत करणे वेगळे, पूर्ण कविता छापणे वेगळे. छायाचित्राचा हक्क सहसा छायाचित्रकाराकडे असतो, फोटोतल्या माणसाकडे नव्हे. कुटुंबीयांनी दिले म्हणून प्रश्न मिटत नाही.

एखादा नमुना?

‘कुमार गंधर्व (८ एप्रिल १९२४ – १२ जानेवारी १९९२): हिंदुस्थानी गायक. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. मुंबईत बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण. क्षयामुळे काही वर्षे गाणे थांबले. त्या काळात देवासला राहून माळव्याची लोकगीते अभ्यासली आणि पुढे त्यांतून नवे राग बांधले. बंदिशींचा संग्रह ‘अनूपरागविलास’. पद्मभूषण १९७७, पद्मविभूषण १९९०.’

पन्नासेक शब्द. यात घराणे नाही, कारण त्यांच्या गाण्याला एका घराण्याचे नाव देणेच वादाचे आहे. सवड असेल तर पुढचे वाक्य लगनगंधार, मधसूरजा अशा रागांबद्दल असावे, बालपणीच्या चमत्कारांबद्दल नव्हे.

छापण्याआधी शेवटची तपासणी कशी करावी?

दोघांनी बसावे. एकाने मूळ कागदावरून प्रत्येक आकडा आणि नाव मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मुद्रितावर खूण करावी. स्वतःचे लिहिलेले स्वतः तपासताना डोळा चुकीचेच बरोबर वाचतो. ‘१९१९’चे ‘१९९१’ आणि ‘१८’चे ‘८१’ असेच सुटतात. नावांतले ऱ्हस्व-दीर्घ त्या लेखकाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून पाहावे, बातमीवरून नाही. फोटोखालची ओळ वेगळी तपासावी, कारण ती सहसा शेवटच्या दिवशी, घाईत आणि तिसऱ्याच माणसाने लिहिलेली असते.